बार्शी लाइट रेल्वे: लंडनच्या कंपनीपासून भारत सरकारपर्यंत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बार्शी लाइटबद्दलचे प्रश्न मुख्यतः दोन प्रकारच्या लोकांकडून येतात. एक म्हणजे कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर, मिरज, लातूर या पट्ट्यातली माणसं, ज्यांच्या घरातलं कुणीतरी या रेल्वेत नोकरीला होतं. दुसरे म्हणजे कायद्याचे विद्यार्थी, ज्यांना या रेल्वेचं नाव फक्त कामगारांच्या भरपाईबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालामुळे ठाऊक असतं. पहिल्यांना निकाल माहीत नसतो आणि दुसऱ्यांना गाडी. इथे दोन्ही एकत्र ठेवलं आहे. आधी साधे प्रश्न, मग अडचणीचे. जे एका ठिकाणी सविस्तर सांगितलं आहे ते पुन्हा न सांगता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बार्शी लाइट नेमकी कुठून कुठे जायची?

मिरजेपासून लातूरपर्यंत. वाटेत पंढरपूर, कुर्डुवाडी आणि बार्शी. रुळांची रुंदी दोन फूट सहा इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. पूर्ण झाल्यावर मार्गाची लांबी सुमारे २०२ मैल, म्हणजे ३२५ किलोमीटर भरली. आजच्या नकाशावर पाहिलं तर सांगली, सोलापूर, धाराशिव आणि लातूर या चार जिल्ह्यांतून ती जायची.

मधलं जंक्शन कुर्डुवाडी. मुंबई-सोलापूरची मोठी लाइन इथे छोट्या लाइनला भेटायची आणि कारखानाही इथेच होता. जुनी वेळापत्रकं वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा: 'बार्शी रोड' म्हणजे कुर्डुवाडी आणि 'बार्शी टाउन' म्हणजे खुद्द बार्शी. दोन्हींत वीसएक मैलांचं अंतर आहे. हे ध्यानात न घेतल्यामुळे कुटुंबाच्या कागदपत्रांतला पत्ता चुकीच्या गावी शोधणारे बरेच जण भेटतात.

२. ती खरंच परदेशी कंपनी होती का? मालक कोण होतं?

होय. बार्शी लाइट रेल्वे कंपनी १८९५ साली लंडनमध्ये नोंदली गेली. भांडवल तिथलं, संचालक मंडळ तिथलं. १ ऑगस्ट १८९५ रोजी या कंपनीचा 'सेक्रेटरी ऑफ स्टेट फॉर इंडिया इन कौन्सिल' यांच्याशी, म्हणजे तेव्हाच्या भारत सरकारशी, करार झाला. रेल्वे बांधायची आणि चालवायची कंपनीने, पण ती विकत घेण्याचा हक्क सरकारचा. किमान बारा महिन्यांची लेखी नोटीस द्यायची आणि उद्योग ताब्यात घ्यायचा, असं कलम त्या करारात होतं. त्याच कलमाने साठेक वर्षांनी या कंपनीचा भारतातला कारभार संपवला (प्रश्न १०).

३. इंग्रजांच्या काळात सगळीच रेल्वे इंग्रजांची होती. मग हिला वेगळं काढायचं कारण काय?

रूळ इंग्रजांच्या राज्यात होते म्हणून मालकी एकाच प्रकारची होती असं नाही. १८४९ पासूनच्या मोठ्या कंपन्या, उदाहरणार्थ ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी.आय.पी.), लंडनच्या भागधारकांच्या होत्या, पण त्यांच्या भांडवलावर सरकारने पाच टक्के परताव्याची हमी घेतली होती. कमाई कमी पडली की तूट भारताच्या तिजोरीतून भरायची. दादाभाई नौरोजींसारख्यांनी त्यावर कडाडून टीका केली ती याचमुळे.

या कंपन्या सरकारने एकेक करून विकत घेतल्या. जी.आय.पी. १९०० साली सरकारी मालकीची झाली, तरी चालवण्याचं काम कंपनीकडेच राहिलं. रेल्वेच्या कारभाराची पाहणी करणाऱ्या ॲक्वर्थ समितीच्या शिफारशीनंतर १९२५ मध्ये तो कारभारही सरकारने हाती घेतला. बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडिया १९४२ मध्ये आणि मद्रास अँड सदर्न मराठा १९४४ मध्ये सरकारकडे आली. म्हणजे देश स्वतंत्र झाला तेव्हा महाराष्ट्रातल्या मोठ्या लाइनी सरकारीच होत्या. बार्शी लाइट मात्र लंडनच्या कंपनीच्या मालकीची राहिली, आणि स्वतंत्र भारतातही सहा वर्षांहून अधिक काळ तशीच चालली.

४. ही लाइन बांधणारा साहेब कोण?

एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप (१८५७–१९२७). इंग्लंडमध्ये रेल्वे कारखान्यांत उमेदवारी करून तो १८८२ मध्ये जी.आय.पी.च्या इंजिन विभागात निरीक्षक म्हणून हिंदुस्थानात आला. बार्शीचा व्यापार त्याच्या डोळ्यांसमोर होता. १८८७ मध्ये त्याने मार्गाची पाहणी केली, पण प्रत्यक्ष करार व्हायला आठ वर्षं गेली. तोवर तो इंग्लंडला परतून सल्लागार अभियंता झाला होता, आणि कंपनी उभी राहिली तेव्हा तिचाही सल्लागार अभियंता तोच होता.

बार्शीतल्या यशावर त्याने इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायर परगण्यात याच रुंदीची लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे उभारली. ती १९०४ मध्ये सुरू झाली आणि तीस वर्षांत बंदही पडली. पहिल्या महायुद्धाच्या काळात याच माणसाने वैमानिकांसाठी 'गार्डियन एंजल' नावाची हवाई छत्री तयार केली. छत्रीचा कॅलथ्रॉप आणि बार्शीचा कॅलथ्रॉप वेगळे का, असं विचारणारे असतात. माणूस एकच.

५. बार्शीतूनच सुरुवात का? मोठी लाइन बार्शीवरून का नेली नाही?

जी.आय.पी.ची मुंबईहून रायचूरकडे जाणारी लाइन १८६० मध्ये सोलापूरला पोचली. ती कुर्डुवाडीवरून गेली आणि बार्शी उत्तर-पूर्वेला बाजूला राहिलं. बार्शी तेव्हा कापूस आणि धान्याची मोठी पेठ. मराठवाड्यातला माल बालाघाटाचे डोंगर उतरून बार्शीत यायचा आणि तिथून बैलगाड्यांच्या रांगा बार्शी रोड स्टेशनाकडे निघायच्या. पावसाळ्यात काळ्या मातीत चाकं रुतली की माल अडकायचा.

त्या वीसएक मैलांच्या बैलगाडी-वाटेवर पहिला टप्पा बांधला गेला आणि १८९७ मध्ये गाडी सुरू झाली. ही लाइन प्रवाशांच्या हौसेसाठी नव्हती, मालासाठी होती, हे विसरलं की पुढचं काहीच नीट उलगडत नाही.

६. रूळ एवढे अरुंद का ठेवले? पैसे वाचवायला का?

पैशांचा प्रश्न होताच, पण रूळ अरुंद करून थोडे पैसे कुणीही वाचवेल. कॅलथ्रॉपचं खरं काम त्याच्या पुढचं आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे.

त्याने एकच नियम घातला: इंजिन असो, डबा असो की वाघीण (मालाचा डबा), एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, पाच टनांपेक्षा जास्त भार नाही. नेहमी काय होतं, की इंजिन जड असतं आणि वाघिणी हलक्या. मग फक्त इंजिनासाठी सगळ्या मार्गभर जड रूळ आणि भक्कम पूल बांधावे लागतात, आणि वाघिणींच्या बाबतीत तो मजबूतपणा वाया जातो. कॅलथ्रॉपने इंजिनाचं वजन जास्त आसांवर पसरवलं. लीड्सच्या किट्सन कारखान्याने बार्शीसाठी बनवलेल्या पहिल्या टाकी-इंजिनांना चार जोडलेले आस आणि मागे आणखी दोन, असे सहा आस होते. सहा आसांवर पाच-पाच टन म्हणजे जवळपास तीस टनांचं इंजिन, आणि तरीही एका यार्ड लांबीला तीस पौंड वजनाचे रूळ पुरले. हे अगदी हलके रूळ आहेत.

दुसऱ्या बाजूने वाघिणीही त्याच पाच टनांपर्यंत भरता येत होत्या. दाबून घडवलेल्या पोलादी चौकटी वापरल्यामुळे वाघीण स्वतः हलकी राहिली आणि मालाला जागा उरली. चार आसांची वाघीण म्हणजे मालासकट वीस टन. छोट्या लाइनीला ही क्षमता मोठी होती. हे सगळं सामान बोटीवर चढवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे खास रूळ टाकून लोकांसमोर चालवून दाखवलं गेलं. जगभरातल्या हलक्या रेल्वेंच्या अभियंत्यांनी बार्शीकडे पाहिलं ते याच कारणाने.

अरुंद रुळांची एक किंमत कायम मोजावी लागली. कुर्डुवाडीला छोट्या गाडीतला प्रत्येक पोता उतरवून मोठ्या गाडीत भरायचा. ती हमाली, तो वेळ आणि ती नासधूस शेवटपर्यंत टळली नाही. पुढे मोठ्या लाइनीची मागणी झाली त्यात हे मोठं कारण होतं.

७. पुढचे टप्पे कधी झाले?

कुर्डुवाडी ते पंढरपूर १९०६ मध्ये. बार्शीच्या पुढे तडवळ्यापर्यंत साधारण त्याच सुमारास, आणि तिथून लातूरपर्यंत १९११ मध्ये. पंढरपूर ते मिरज हा शेवटचा आणि लांब टप्पा १९२७ मध्ये पूर्ण झाला. कॅलथ्रॉपही त्याच वर्षी वारला.

८. पंढरपूरच्या वारीशी या गाडीचा संबंध किती?

१९०६ नंतर खूप. मुंबई, पुणे, सोलापूरकडून येणारा यात्रेकरू मोठ्या गाडीने कुर्डुवाडीला उतरायचा आणि छोट्या गाडीने सुमारे पन्नास किलोमीटर पंढरपुरात. मिरजेपर्यंत लाइन गेल्यावर दक्षिणेकडून, कर्नाटकातून येणाऱ्या भाविकांनाही रेल्वेची वाट मिळाली. आषाढी-कार्तिकीला गाडी टपापर्यंत भरलेली असायची.

एक खुलासा मात्र करायला हवा. 'बार्शी लाइट वारीसाठी बांधली' असं काही जण सांगतात, ते खरं नाही. ती कापूस आणि धान्यासाठी बांधली (प्रश्न ५). यात्रेचं उत्पन्न नंतर आलं आणि कंपनीच्या हिशेबात त्याला मोठी जागा मिळाली. पायी वारीची परंपरा रेल्वेच्या कितीतरी आधीची आहे, आणि रेल्वे आल्यावरही दिंड्या पायीच चालत राहिल्या. गाडीने आणलं ते ज्यांना पायी येणं शक्य नव्हतं त्यांना: म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, सुट्टी न मिळणारे गिरणी कामगार.

९. लातूर तर निजामाच्या राज्यात होतं. मग तिथे लंडनची कंपनी कशी?

बार्शी ब्रिटिश हद्दीतला सोलापूर जिल्हा, लातूर हैदराबाद संस्थानात. गाडी राज्याची सीमा ओलांडून जायची. दुसऱ्या टोकाला मिरज हेही पटवर्धनांचं संस्थान. एवढ्याशा गाडीने तीन राजवटी जोडलेल्या होत्या.

गंमत अशी की निजामाच्या राज्यातल्या मुख्य रेल्वेची मालकीही आधी लंडनच्याच एका कंपनीकडे होती, आणि १९३० मध्ये निजाम सरकारने ती विकत घेतली. म्हणजे हैदराबादची रेल्वे हैदराबादची झाली, पण लातूरकर त्यानंतरही चोवीस वर्षं बार्शीच्या वाटेने जाताना लंडनच्या कंपनीचंच तिकीट काढत होते. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या काळात बार्शी हे सीमेवरचं गाव असल्यामुळे मराठवाड्यातून अनेक कुटुंबं तिकडे निघून आली. या भागातल्या जुन्या माणसांच्या आठवणींत गाडी आणि ते दिवस एकत्रच येतात.

१०. सरकारने ती जप्त केली का? राष्ट्रीयीकरणाचा कायदा कोणता?

जप्ती नाही आणि वेगळा कायदाही नाही. हा मुद्दा सर्वांत जास्त चुकीचा सांगितला जातो, म्हणून जरा सविस्तर.

विमान कंपन्या १९५३ मध्ये आणि आयुर्विमा १९५६ मध्ये संसदेने कायदा करून सरकारी केला. बार्शी लाइटसाठी तशी गरजच नव्हती. १८९५ च्या करारातलं खरेदीचं कलम (प्रश्न २) जिवंत होतं आणि सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या जागी आता भारताचे राष्ट्रपती होते. १९ डिसेंबर १९५२ रोजी राष्ट्रपतींच्या वतीने रेल्वे बोर्डाच्या संचालकाने कंपनीला नोटीस दिली: १ जानेवारी १९५४ पासून उद्योग विकत घेऊन ताब्यात घेतला जाईल. कराराने मागितलेले बारा महिने आणि वर थोडे दिवस. ठरल्या तारखेला रेल्वे सरकारची झाली आणि मध्य रेल्वेत सामील झाली. कंपनीला कराराप्रमाणे मोबदला मिळाला.

माझ्या दृष्टीने यात एक गोष्ट नजरेत भरते. राणीच्या राज्यात लिहिलेलं कलम प्रजासत्ताकाने शब्दशः पाळलं. भागधारकांच्या हक्कांना धक्का लागला नाही. कामगारांच्या बाबतीत असं म्हणता येत नाही (प्रश्न १२).

११. मग १९५१ मध्ये सगळ्या रेल्वे एकत्र झाल्या तेव्हाच ही का घेतली नाही?

कारण १९५१-५२ मध्ये जे झालं ते मुख्यतः सरकारी रेल्वेंची फेरमांडणी. जी.आय.पी., निजामाची रेल्वे, सिंदिया आणि धोलपूर संस्थानांच्या रेल्वे एकत्र करून ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे झाली. ज्या लाइनी आधीच सरकारच्या हातात होत्या त्यांचे विभाग पाडले गेले. खासगी हलक्या रेल्वे त्यात आपोआप येत नव्हत्या. प्रत्येकीचा करार वेगळा, नोटीस वेगळी. बार्शीची नोटीस विभागरचना झाल्यावर वर्षभराने निघाली.

१२. ताबा बदलला तेव्हा कामगारांचं काय झालं?

२४ ऑक्टोबर १९५३ पासून औद्योगिक विवाद कायद्यात एक नवीन तरतूद लागू झाली: सलग वर्षभर काम केलेल्या कामगाराची कपात करायची तर महिन्याची नोटीस, आणि पुऱ्या झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई. अठराच दिवसांनी, ११ नोव्हेंबर १९५३ रोजी, बार्शी लाइट कंपनीने आपल्या सगळ्या कामगारांना नोटीस लावली. सरकार रेल्वे ताब्यात घेत आहे, त्यामुळे ३१ डिसेंबर १९५३ च्या दुपारनंतर सर्वांच्या नोकऱ्या संपतील. ज्यांची इच्छा असेल त्यांना सरकार कामावर घेणार आहे, अटी नंतर कळवल्या जातील.

म्हणजे ३१ डिसेंबरला नोकरी संपली आणि १ जानेवारीला बहुतेक जण त्याच स्टेशनात, त्याच इंजिनावर, त्याच केबिनमध्ये हजर झाले. न्यायालयात सांगितलं गेलं त्यानुसार सुमारे ७७ टक्के लोकांना पूर्वीच्याच वेतनश्रेणीत घेतलं गेलं. सुमारे २३ टक्क्यांना काहीशा खालच्या श्रेणीत, पण हातात पडणारा पगार न घटवता. सरकारी नोकरी नाकारणारे जेमतेम २४.

कामगारांचा सवाल साधा होता. कंपनीने आमची नोकरी संपवली, हे कंपनीच लिहून देते. मग कायद्यात सांगितलेली भरपाई कुठे? मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचं म्हणणं मान्य केलं. कंपनीच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात अपील झालं आणि २७ नोव्हेंबर १९५६ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल उलटवला. कपात म्हणजे चालू असलेल्या उद्योगात जास्तीचे झालेले कामगार कमी करणं. मालकाने प्रामाणिकपणे उद्योगच बंद केला किंवा तो दुसऱ्याकडे गेला, तर ती कपात नव्हे, असं न्यायालयाने ठरवलं. भरपाई मिळाली नाही.

कायद्याच्या अंगाने या निकालाची बाजू समजून घेता येते. गाडी एक दिवसही थांबली नव्हती आणि बहुतेकांना काम मिळालं होतं. तरीही वीस-पंचवीस वर्षं बॉयलरसमोर घालवलेल्या माणसाची आधीची सेवा एका नोटिशीने 'संपली' आणि तिच्याबद्दल काहीच मिळालं नाही, हे मला अन्यायाचंच वाटतं.

१३. कायद्याच्या अभ्यासात 'बार्शी लाइट' हे नाव अजून का येतं?

कारण या निकालाने एक मोठी फट उघडी पडली आणि सरकारने ती लगेच बुजवली. १९५७ मध्ये औद्योगिक विवाद कायदा दुरुस्त झाला. उद्योगाची मालकी बदलली तर काय, यासाठीचं कलम २५ एफएफ नव्याने लिहिलं गेलं, आणि उद्योग बंद झाला तर काय, यासाठी कलम २५ एफएफएफ घातलं गेलं. दोन्ही प्रसंगी कामगाराला कपात झाल्यासारखी नोटीस आणि भरपाई.

मालकी बदलाच्या या कलमाला अपवाद ठेवला होता. नवीन मालकाकडे नोकरी खंड न पडता चालू राहिली, अटी आधीपेक्षा वाईट नाहीत, आणि पुढे कधी कपात झालीच तर नवीन मालक जुनी सेवा धरून भरपाई द्यायला बांधील आहे, असं असेल तर आधीच्या मालकाने भरपाई देण्याची गरज नव्हती. या तीन अटी नीट वाचा. कुर्डुवाडीच्या कामगारांनी जे जे मागितलं असतं तेच जणू समोर ठेवून त्या लिहिल्या आहेत.

ही दुरुस्ती मागील तारखेने लागू झाली, ती २८ नोव्हेंबर १९५६ पासून. निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून. ज्यांच्या खटल्यामुळे कायदा बदलला त्या बार्शी लाइटच्या कामगारांना तिचा काहीच उपयोग झाला नाही. त्यांच्यानंतर देशभर कारखाने विकले गेले, बंद पडले, तेव्हा लाखो कामगारांना मात्र तिचा आधार मिळाला.

विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट: कपातीच्या व्याख्येत 'कोणत्याही कारणाने' असे शब्द आहेत, मग १९५६ चा अर्थ एवढा अरुंद कसा, हा वाद पुढेही चालला. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या शब्दांना रुंद अर्थ दिला आणि १९९० मध्ये घटनापीठाने, शिक्षेखेरीज कोणत्याही कारणाने केलेली नोकरीची समाप्ती म्हणजे कपात, हे पक्कं केलं. बार्शीचा निकाल उद्योग बंद होण्याच्या आणि मालकी बदलाच्या संदर्भात वाचायचा असतो.

१४. माझे आजोबा १९४० पासून बार्शी लाइटमध्ये होते आणि मध्य रेल्वेतून निवृत्त झाले. त्यांची पहिली चौदा वर्षं धरली गेली का?

कायद्याच्या भाषेत त्यांच्या दोन नोकऱ्या झाल्या: एक कंपनीची, ३१ डिसेंबर १९५३ पर्यंत, आणि दुसरी सरकारची, १ जानेवारी १९५४ पासून. घरात 'पहिल्यापासून रेल्वेतच' असं सांगितलं जातं ते कामाच्या अर्थाने खरं आहे, कागदाच्या अर्थाने नाही. कुठल्या फायद्यासाठी आधीची सेवा मोजली हे त्यांच्या सेवापुस्तकात नियुक्तीची तारीख, वेतनश्रेणी आणि शेरे पाहून कळतं. घरात जुनं सेवापुस्तक, प्रॉव्हिडंट फंडाची कागदं किंवा नोटिशीची प्रत असेल तर कृपा करून रद्दीत घालू नका.

१५. शकुंतला आणि बार्शी लाइट एकच ना? 'अजून इंग्रजांची असलेली गाडी' ती हीच ना?

नाही. हा घोटाळा फार पसरला आहे. शकुंतला ही विदर्भातली: मूर्तिजापूर ते यवतमाळ आणि मूर्तिजापूर ते अचलपूर. रुळांची रुंदी तीच, ७६२ मिलिमीटर, आणि कापसासाठीच बांधलेली, म्हणून गल्लत होते. तिची मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीकडे होती आणि किलिक निक्सन ही तिची व्यवस्थापन कंपनी. गाड्या आधी जी.आय.पी. आणि नंतर मध्य रेल्वेने कराराने चालवल्या. तिथे खासगी मालकी टिकून राहिली, म्हणून 'अजून इंग्रजांची' ही बातमी दर काही वर्षांनी फिरते. बार्शी लाइट स्वतःच्या गाड्या स्वतः चालवायची आणि १९५४ मध्ये ती पूर्णपणे सरकारची झाली.

१६. सरकारने घेतल्यावर लगेच मोठी लाइन का झाली नाही?

ताबा घेणं आणि रूळ बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी. मालकी बदलली तरी हलके रूळ, छोटे पूल आणि वळणं तीच राहिली, आणि पुढची चाळीसहून अधिक वर्षं छोटी गाडीच धावली. एस.टी. आणि ट्रक वाढले तसा तिचा माल आणि प्रवासी दोन्ही रस्त्यावर गेले.

रुंदीकरण तुकड्या-तुकड्यांनी झालं. कुर्डुवाडी-पंढरपूर २००२ मध्ये, लातूर ते उस्मानाबाद (आताचं धाराशिव) २००७ मध्ये आणि तिथून कुर्डुवाडीपर्यंत २००८ मध्ये. पंढरपूर-मिरज त्यानंतर.

धाराशिवच्या वाचकांनी इथे लक्ष द्यावं. जुनी छोटी लाइन जिल्ह्याच्या शहराला बाजूला ठेवून येडशी-तडवळ्याकडून जायची. रुंदीकरणाच्या वेळी मार्ग वळवून शहर जोडलं गेलं. तेव्हा 'आमच्या शहरात इंग्रजांच्या काळापासून स्टेशन होतं' ही समजूत चुकीची आहे.

१७. मिरजेला तीन प्रकारचे रूळ होते हे खरं का?

खरं आहे. पुण्याहून येणारी लाइन आधी मीटर गेज होती. १९७१ मध्ये ती रुंद झाल्यावर मिरजेत ब्रॉड गेज, बेळगाव-लोंढ्याकडची मीटर गेज आणि पंढरपूरकडून येणारी छोटी लाइन एकाच स्टेशनात आली. लोंढ्याकडचं रुंदीकरण होईपर्यंत ही स्थिती होती. रेल्वेप्रेमी त्या काळी मिरजेला मुद्दाम जायचे.

१८. आज जाऊन पाहण्यासारखं काय उरलं आहे?

सगळ्यांत महत्त्वाचा कुर्डुवाडीचा कारखाना. छोट्या गाड्यांच्या कामाची परंपरा तिथे टिकली आहे आणि नेरळ-माथेरानच्या डब्यांची कामं तिथे झाली आहेत. मार्गावर जायचं तर बार्शी ते येडशी हा पट्टा निवडा. बालाघाटाचा चढ तिथेच आहे, आणि पाच टनांचा नियम कागदावर सोपा वाटला तरी भरलेल्या वाघिणी घेऊन हा चढ चढणाऱ्या ड्रायव्हर-फायरमनचं काम काय असेल याचा अंदाज तिथे येतो. पावसाळा संपल्यावर जा. रेल्वेच्या हद्दीत रुळांवर उतरू नका, रस्त्यावरूनही पुरेसं दिसतं.